खांदा, हात आणि मणका : ओपीडीत रोज कानावर येणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यात हाडांचा डॉक्टर म्हणून काम करताना काही प्रश्न इतक्या वेळा ऐकले, की पेशंट खुर्चीत बसेपर्यंत उत्तर माझ्या तोंडाशी आलेलं असतं. पण पाच मिनिटांच्या तपासणीत सगळं सांगून होत नाही. घरी गेल्यावर सून विचारते, 'डॉक्टर काय म्हणाले?' आणि आबा सांगतात, 'गोळ्या दिल्या.' म्हणून हे लिहून ठेवलं. हे वाचून स्वतःच निदान करू नका. काय विचारायचं आणि कशाची घाई करायची, एवढं कळलं तरी माझं अर्धं काम होईल.

'डॉक्टर, मना खांदा दुखस.' मग तुम्ही मान का वाकवून बघता?

कारण दुखतं एकीकडे आणि बिघाड दुसरीकडे, असं या भागात फार होतं. खांद्याला आणि हाताला जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या नसा मानेच्या मणक्यांतून निघतात. मानेत मणके ७ आणि नसांच्या जोड्या ८. त्यांतल्या खालच्या चार आणि पाठीची पहिली, अशा पाच मुळांचं गळ्याच्या बाजूला एक जाळं होतं आणि त्यातून बोटांपर्यंतच्या तारा निघतात. शेतातल्या मोटारीचा फ्यूज गेला की पाणी शेवटच्या वाफ्यात थांबतं, पण आपण वाफा खणत बसत नाही. तसंच हे.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. हात उचलून डोक्यावर ठेवला की बरं वाटत असेल, तर दोष बहुधा मानेतल्या नसेचा. उलट हात वर नेतानाच कळ येत असेल, तर खांद्याचा. मानेच्या दुखण्यात कळ कोपराच्या खाली बोटांपर्यंत जाते आणि मुंग्या येतात. खांद्याचं दुखणं सहसा दंडाच्या बाहेरच्या बाजूला, वाकी घालतात त्या जागी येऊन थांबतं. पेशंटचा तळवा तिथे गेला की मी खांदा बघतो. बोटांनी मानेपासून अंगठ्यापर्यंत रेघ ओढली की मान बघतो.

आणखी दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. चालताना किंवा जिना चढताना डावा खांदा, हात, जबडा दुखायला लागला, घाम फुटला, तर हाडांच्या डॉक्टरची रांग सोडा आणि थेट ईसीजी काढायला जा. उजव्या खांद्याच्या टोकावर, जेवणानंतर येणारी कळ पित्ताशयाचीही असते. पोट आणि छाती यांमधल्या पडद्याची नस मानेतूनच येते, म्हणून तिची तक्रार खांद्यावर उमटते.

खांदा एवढा सहज का निखळतो? खुब्याचं हाड तर निखळत नाही.

खुब्याचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचा गोळा मात्र बशीवर ठेवलेल्या लिंबासारखा. बशी इतकी उथळ, की कुठल्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग तिला टेकलेला असतो. हात सगळीकडे फिरावा म्हणून शरीराने दिलेली ही किंमत आहे. लिंबू घरंगळू नये म्हणून बशीच्या काठाला कूर्चेची कडा, भोवती वेष्टणाची पिशवी आणि वरून चार स्नायूंचे पट्टे असतात. या चौघांना आम्ही रोटेटर कफ म्हणतो. पुढे ज्याला लोक 'खांद्याची शीर' म्हणतात, ती बहुतेक वेळा यांपैकीच एक असते.

निखळलेला खांदा जवळजवळ नेहमी पुढच्या बाजूला येतो. गावात कुणी ओढून बसवायला निघालं तर थांबवा. आधी एक्स-रे काढा, कारण सोबत हाड मोडलेलं असेल तर ओढण्याने ते आणखी सरकतं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, पोलिसांच्या गणवेशाच्या बाहीवर बिल्ला लावतात त्या जागी, स्पर्श कळतो का हेही तपासावं लागतं. तिथली नस ताणली गेलेली असू शकते.

एक प्रकार मात्र मागच्या बाजूला निखळतो, आणि त्यात भले भले फसतात. फिटस येणारे पेशंट आणि विजेचा धक्का बसलेले शेतकरी. रात्रपाळीच्या लाईटीला पाणी द्यायला गेलेला माणूस स्टार्टरला चिकटतो, सगळे स्नायू एकदम आवळले जातात आणि खांदा मागे जातो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो जवळपास ठीक दिसतो. पेशंट सांगतो, 'शॉक लागला, जीव वाचला, हातालाच थोडं लागलं.' मग दोन महिन्यांनी हात बाहेर वळत नाही म्हणून येतो. शॉक लागल्यावर खांदा दुखत असेल तर बाजूचा किंवा काखेतून घेतलेला एक्स-रे मागून घ्या.

विशीच्या आतल्या मुलाचा खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याची शक्यता फार. चाळिशीनंतर उलट होतं. तो सहसा पुन्हा निखळत नाही, पण त्या झटक्यात स्नायूचा पट्टा फाटलेला असू शकतो.

हात वर होत नाही, मागे जात नाही. ब्लाऊजचा हूक लागत नाही. हा वात आहे का?

ही तक्रार चाळीस ते साठच्या महिलांकडून सर्वांत जास्त येते, आणि पुरुषांकडून 'पाकीट मागच्या खिशातून काढता येत नाही' अशा शब्दांत. बहुतेक वेळा हा फ्रोझन शोल्डर असतो. खांद्याभोवतीचं वेष्टण सुजतं, जाड होतं, आक्रसतं. कोरड्या पडलेल्या चामड्याच्या पखालीची कल्पना करा.

ओळखायची खूण सोपी आहे. कोपर पोटाला टेकवून हाताचा पुढचा भाग बाहेरच्या बाजूला वळवा. चांगला हात जेवढा वळतो तेवढा दुखरा वळत नसेल, आणि दुसऱ्याने वळवूनही वळत नसेल, तर सांधा आखडलाय. तुम्हाला वळवता येत नाही पण डॉक्टरांनी वळवला तर वळतो, तर मामला स्नायू फाटल्याचा असू शकतो. हा फरक महागड्या तपासणीशिवाय कळतो, म्हणून मी तो दरवेळी करतो. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव बोस्टनचे सर्जन कॉडमन यांनी १९३४ साली दिलं. त्यांनीच सांगितलं होतं, की तो व्याख्येत बसवायला अवघड, बरा करायला अवघड आणि समजावून सांगायलाही अवघड. तिसऱ्या गोष्टीचा अनुभव मी रोज घेतो.

मधुमेहाशी याचं जवळचं नातं आहे. साधारण लोकसंख्येत २ ते ५ टक्के लोकांना हा होतो, मधुमेहींमध्ये १० ते २० टक्क्यांना. थायरॉइडवाल्यांनाही जास्त. फ्रोझन शोल्डरसाठी आलेल्या पेशंटची मी साखर तपासून घेतो. काही जणांना आपल्याला मधुमेह आहे हे खांद्यामुळेच कळतं. मग ते मला म्हणतात, 'खांदा दाखवायला आलो, आणि तुम्ही साखर काढली.'

तीन टप्पे असतात. आधी दुखणं वाढतं, विशेषतः रात्री. मग दुखणं कमी होऊन सांधा घट्ट बसतो. मग हळूहळू मोकळा होतो. हे सगळं दीड ते तीन वर्षं चालतं. व्यायामाने, सांध्यात दिलेल्या इंजेक्शनने तो काळ सुसह्य होतो. पहिल्या टप्प्यात दुखत असताना जोर लावून हात वर खेचू नका. वाकून हात लोंबता सोडा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवा. नंतर भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या, आणि रोज कुठवर पोचला तिथे पेन्सिलने खूण करा. मी हे सांगतो तेव्हा हसतात, पण खूण चढताना दिसली की व्यायाम सुटत नाही.

आमच्याकडे एक गंमत बघितली आहे. खापरावरचे मांडे करणाऱ्या बाई सणाच्या आदल्या दिवशी 'खांदा मोकळा करा' म्हणून येतात. मांड्याचा उंडा दोन्ही हातांवर ताणत कोपरापर्यंत न्यायचा म्हणजे खांदा बाहेर वळला पाहिजे, आणि नेमकी तीच हालचाल आधी जाते. एका दिवसात मोकळा होत नाही, वहिनी. या वर्षी मांडे जावेला करू द्या.

केळीचे घड वाहून खांद्याची शीर तुटते का?

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात हा प्रश्न हमखास. वीस-पंचवीस किलोचा घड दिवसभर खांद्यावर नेऊन वरच्या स्नायूवर ताण येतो, पण पट्टा एका घडाने सहसा फाटत नाही. तो वर्षानुवर्षं विरत जातो, दोरखंडासारखा. मग एक दिवस ट्रकमधून घसरताना हाताने काहीतरी पकडलं आणि झटका बसला, की उरलेला तुटतो. त्या दिवसानंतर हात बाजूने उचलता येत नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही.

साठीनंतरच्या अनेकांचे पट्टे न दुखता फाटलेले असतात, त्यांना फक्त व्यायाम पुरतो. पण कष्टकरी, पन्नाशीच्या आतला माणूस, एका झटक्याने हात पडलेला, असं असेल तर दोन-चार आठवड्यांत सोनोग्राफी किंवा एमआरआय करून निर्णय घ्यावा. उशीर झाला की तुटलेला स्नायू मागे सरकतो, त्यात चरबी भरते, आणि मग तो परत हाडाला टाचून टिकत नाही. या एका दुखण्यात मी 'थांबून बघू' म्हणत नाही.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) पोरगं झोक्यावरून पडलं, कोपर सुजलंय. आधी हाडवैद्याकडे नेलं तर चालेल का?

नाही. एवढ्या ठामपणे मी फार थोड्या गोष्टी सांगतो.

आखाजीच्या दिवसांत निंबाला झोके बांधले जातात, त्याच सुमारास शाळांना सुट्ट्या लागतात आणि चिंचा-कैऱ्यांची झाडं खुणावतात. पाच ते सात वर्षांचं मूल हात टेकून पडलं, की दंडाचं हाड कोपराच्या जरा वर, जिथे ते सर्वांत पातळ असतं, तिथे मोडतं. अगदी त्याच्या समोरून हाताला रक्त देणारी मोठी रक्तवाहिनी आणि एक मुख्य नस जाते. हाडाचं टोक तिला टोचू शकतं. त्यात सूज येते. आणि त्या सुजेवर कुणी बांबूच्या कामट्या लावून घट्ट पट्टा आवळला, तर हाताच्या स्नायूंचं रक्त तुटतं. सहा-आठ तासांत स्नायू मरायला लागतात. पुढे बोटं नखीसारखी आत वळतात आणि तशीच राहतात. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच हे घट्ट बांधण्याशी जोडून लिहून ठेवलं होतं. एवढ्या वर्षांनंतरही असा हात मला बघावा लागतो, आणि त्या दिवशी जेवण जात नाही.

मग करायचं काय? हात ज्या कोनात आहे तसाच ठेवा. सरळ करू नका, चोळू नका, तेल लावू नका. घडी घातलेलं वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा खाली घेऊन रुमालाने सैल बांधा. बांगडी, गंडा, दोरा काढून टाका. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. आणि वाटेत बोटं बघत राहा. बोट हळूच सरळ केलं की मूल किंचाळतंय, बोटं पांढरी-थंड पडलीत, बधिर झालीत, यांपैकी काहीही दिसलं तर तो तासांचा खेळ आहे. प्लास्टर घातल्यावर त्या रात्री असं झालं तरीही तेच. आम्ही घातलेलं प्लास्टर असलं तरी फोडायला लावा. 'सकाळपर्यंत बघू' म्हणू नका.

हाडवैद्यांवर माझा राग नाही. मुरगळ, लचक त्यांच्या हातून बरी होते, कारण ती तशीही बरी होणार असते. पण मुलाचं कोपर त्यांच्या हाती देऊ नका.

दंडाचं हाड मोडलं आणि मनगट लुळं पडलं. नस कापली गेली का?

बहुतेक वेळा नाही. दंडाच्या हाडाला मागून वेढा घालत एक नस जाते, हाडाला अगदी चिकटून. हाड मोडताना ती ताणली जाते, दबते. मनगट आणि बोटं वर उचलता येत नाहीत. दहापैकी सात-आठ जणांत ती आपसूक परत येते, पण तीन-चार महिने लागतात. तोवर मनगटाला आधाराची पट्टी लावा आणि बोटं दुसऱ्या हाताने हलवत राहा, नाहीतर नस परत येईल तेव्हा सांधे आखडलेले असतील.

अशाच लुळ्या मनगटाने कधी कधी सकाळी उठून माणूस येतो. रात्री दारू पिऊन खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेला. पक्षाघात समजून घरचे रडत असतात. तोही बहुधा आपोआप बरा होतो, दारूचं काय ते मी सांगू शकत नाही.

मोटारसायकलवरून पडल्यापासून अख्खा हात हलत नाही, पण हाड कुठेच मोडलेलं नाही.

हे गंभीर आहे. हायवेवर डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला फेकला गेला, की वर सांगितलेलं नसांचं जाळं ताणतं, तुटतं, कधी मणक्यापासून उपटून निघतं. 'हाड ठीक आहे, मालिश करा' असा सल्ला ऐकून सहा-आठ महिने घालवलेली पोरं येतात, तेव्हा फार काही हातात राहत नाही. नस मिळाली नाही तर साधारण वर्ष-दीड वर्षात स्नायू कायमचा निकामी होतो. नसा जोडण्याची, बदलण्याची शस्त्रक्रिया पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्हायला हवी, आणि ती करणारे लोक मोठ्या शहरांत आहेत. तेव्हा अपघातानंतर महिनाभरात हात हलला नाही तर तिकडे चिठ्ठी मागा.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. मी तर टेनिस खेळत नाही!

कुणीच खेळत नाही. म्हशी पिळणारे, गोधड्या पिळणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, पान्याने बोल्ट आवळणारे, असे सगळे टेनिस एल्बोचे पेशंट. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूचं टोक कोपराला चिकटतं, तिथे झीज होते. बहुतेकांना वर्षभरात बरं वाटतं. स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की दोन-चार आठवडे जादू वाटते, पण वर्षाने बघितलं तर न घेतलेले जास्त बरे असतात. तरी लग्नसराईत ते मागायला येतातच.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. मानेची नस दबली का?

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, रात्री मुंग्या, हात झटकला की बरं वाटतं : हे सहसा मनगटातल्या बोगद्यात दबलेल्या नसेचं लक्षण आहे. गरोदरपणात, थायरॉइड किंवा मधुमेहात जास्त. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून पाहा. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बसायला लागला असेल तर मात्र उशीर करू नका. करंगळीकडे मुंग्या येत असतील तर कोपराच्या आतल्या बाजूची नस बघतो, तीच जी आपटल्यावर झिणझिण्या येतात.

मणक्यात गॅप आलाय असं सांगितलं. तो भरून निघेल का?

माझ्या आयुष्यातला सर्वांत जास्त वेळ या एका शब्दाने खाल्ला आहे.

पाठीचा कणा ३३ मण्यांचा : मान ७, पाठ १२, कंबर ५, आणि खाली एकमेकांत जुळलेले ५ व ४. हलणाऱ्या मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात, एकूण २३. गादी म्हणजे बाहेरून कांद्यासारखे पापुद्रे आणि आत डिंकासारखा गर. एक्स-रेत हाड दिसतं, गादी दिसत नाही. म्हणून दोन मणक्यांमध्ये जी काळी फट दिसते, तीच गादी. म्हणजे 'गॅप' प्रत्येकाला असतो आणि असायलाच हवा! गादीतलं पाणी वयाबरोबर कमी होतं, ती चपटी होते, तेव्हा गॅप वाढत नाही, उलट कमी होतो. लोक घाबरतात ते उलट्या गोष्टीला.

आता एमआरआय. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय काढून बघितले गेले आहेत. विशीतल्या अशा लोकांपैकी ३७ टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के. म्हणजे रिपोर्टवर 'डिस्क बल्ज' (गादी फुगलीय) लिहिलं म्हणून तुमचं दुखणं तिथूनच येतंय असं ठरत नाही. केसात पांढरे दिसले म्हणजे डोकं दुखण्याचं कारण सापडलं, असं आपण म्हणतो का? रिपोर्टमधली पातळी आणि तुमच्या पायातली कळ, बधिरपणा, कमजोरी यांचा मेळ बसला तरच त्या रिपोर्टला अर्थ.

मेळ बसतो तेव्हा त्याला लोक 'गादी सरकली' म्हणतात. खरं तर गादी सरकत नाही, तिची बाहेरची पापुद्री फाटते आणि गर बाहेर येऊन नसेवर टेकतो. पायात कळ जाते ती त्या नसेमुळे, हे बोस्टनमध्ये मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये मांडलं. कंबरेत हे बहुतेक वेळा शेवटच्या दोन गाद्यांत होतं. आणि दिलासा असा, की बाहेर आलेला गर शरीर स्वतः शोषून घेतं. सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांची कळ ऑपरेशनशिवाय उतरते.

उसण भरली. किती दिवस झोपून राहू? पट्टा बांधू का?

एक-दोन दिवस, तेही उठता येत नसेल तर. पूर्वी आम्हीच तीन-तीन आठवडे फळीवर झोपवायचो आणि पायाला वजन लावायचो. ते चुकलं होतं. झोपून स्नायू सैल पडतात, आणि उठल्यावर दुखणं पुन्हा येतं. शेक घ्या, घरात चाला, जमेल तसं काम करा. पट्टा प्रवासाला, ट्रॅक्टरवर बसताना, पहिले काही दिवस. सहा महिने पट्टा बांधून फिरणाऱ्या माणसाचा पट्टा सोडवणं हे कधी कधी उसणीपेक्षा अवघड असतं.

कापूस वेचणाऱ्या बायांना एक सांगतो. कंबरेची ओटी भरत भरत जड होते आणि पुढे वाकून तीच ओढत राहता. अर्धी झाली की रिकामी करा. दर सऱ्यानंतर कंबरेवर हात ठेवून दोनदा मागे वाका. मजुरी किलोवर असते हे माहीत आहे, तरीही.

कधी धावत यायचं?

दोन्ही पायांत कळ किंवा कमजोरी, बसल्यावर जिथे शरीर खुर्चीला टेकतं ती जागा बधिर, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली. रात्रीचे दोन असले तरी निघा. कण्याच्या खालच्या टोकाला शेपटीसारख्या पसरलेल्या सगळ्या नसा एकदम दबल्यात, आणि ऑपरेशन ४८ तासांच्या आत होणं चांगलं.

दुसरं लक्षण गुपचूप येतं. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, अक्षर बिघडलं, चालताना तोल जातो, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. दुखत काहीच नाही, म्हणून कुणी येत नाही. हा मानेतला मज्जारज्जू दबल्याचा प्रकार असू शकतो. घरच्यांनी 'वय झालं' म्हणून सोडू नये.

मणक्याचा टीबी असतो का? आम्हाला तर खोकलाही नाही.

खोकल्याची गरज नाही. हाडांच्या टीबीपैकी जवळपास निम्मा मणक्यात होतो. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून आजही आम्ही त्याला पॉट्स स्पाइन म्हणतो. रात्री झोपून असतानाही दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, पाठीच्या एका मणक्यावर बोट ठेवलं की कळ. विश्रांतीने न थांबणारी पाठदुखी महिनाभर चालली तर तपासणी करा. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण फुप्फुसाच्या टीबीसारखी सहा महिन्यांत संपत नाहीत. साधारण १२ ते १८ महिने घ्यावी लागतात. चौथ्या महिन्यात बरं वाटतं आणि लोक सोडतात. मग पाय लुळे पडून येतात.

आमच्या पाड्यावरच्या पोराला खुबा आणि खांदा दोन्ही दुखतात, मार लागलेला नाही.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरचा वरचा भाग, म्हणजे सातपुड्याच्या कुशीतली भिल, पावरा वस्ती असेल, तर मी आधी सिकल सेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी लिहितो. विळ्यासारख्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडाच्या गोळ्याला रक्त मिळत नाही. गोळा आतून मरतो. सर्वांत जास्त खुब्याचा, त्यानंतर खांद्याचा. लवकर कळलं तर गोळा खचण्याआधी पुष्कळ करता येतं. १ जुलै २०२३ पासून सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, त्यात तपासणी होते आणि कार्ड मिळतं. लग्न जमवताना पत्रिकेच्या आधी हे कार्ड बघावं, असं मी तिकडच्या प्रत्येक घरात सांगतो.

पंचविशीतला मुलगा, सकाळी पाठ ताठर होते, काम केलं की मोकळी होते.

अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा, विश्रांतीने वाढणारा आणि हालचालीने कमी होणारा, पहाटे झोपमोड करणारा. ही झीज नाही, मणक्याचा सुजेचा संधिवात असू शकतो. वर्षानुवर्षं 'गॅप'वर उपचार होत राहतात आणि इकडे मणके एकमेकांत जुळत जातात. संधिवाताच्या डॉक्टरला दाखवा.

आईची उंची कमी झालीय, पाठीला बाक आलाय.

पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात आणि मणका न पडताही खचतो. पाण्याची बादली उचलताना 'कट' आवाज आला, असं सांगतात. हाडांची घनता तपासा, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वासोबत हाड बळकट करणारं औषध सुरू करा. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात राहूनही डी जीवनसत्त्व कमी कसं, हे सगळे विचारतात. उन्हात आपण पदर, रुमाल, टोपी, सगळं लपेटून असतो, म्हणून.

इंजेक्शनने हाड झिजतं म्हणे?

स्टिरॉइड वारंवार एकाच जागी दिलं तर स्नायूचं टोक कमजोर होतं, म्हणून मी मर्यादा ठेवतो. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर आठवडाभर साखर वाढते, ती मोजत राहा. मात्र कोणत्या औषधाचं इंजेक्शन दिलं ते कागदावर लिहून घ्या. 'गरम इंजेक्शन दिलं' यावरून मला काही कळत नाही.

ऑपरेशनला पैसे नाहीत.

धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण प्रत्येक ऑपरेशन त्यात बसत नाही. भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते घरूनच बघून निघा. एका अक्षराच्या फरकापायी दोन दिवस थांबलेले लोक मी पाहिले आहेत.

तपासणीला येताना काय आणू?

जुन्या एक्स-रेच्या प्लेटा, सगळ्या. नवीन काढण्याआधी जुनी बघायला मिळाली तर निम्म्या वेळा नवीन लागत नाही. चालू असलेल्या गोळ्यांची पिशवी, साखरेची वही. सैल बाह्यांचे कपडे घाला. पातळ-चोळीत खांदा तपासताना बाई संकोचतात, तेव्हा सोबत कुणी घरची बाई असू द्या. आणि कुठे दुखतं ते घरून निघण्याआधी एका बोटाने दाखवून बघा. एका बोटाने दाखवता येत नसेल तर तेही मला सांगा, ते उपयोगाचं असतं.